गोळ्या बंद करण्याआधीचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार (म्हणजे फिट येण्याचा आजार) दिनानिमित्त आपल्या पुरवणीत डॉक्टरांचा लेख आला होता. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, आणि गोळ्या मनानं बंद करू नका, असं त्यात होतं. सगळं खरं आहे. मी तो लेख कापून दुकानाच्या काचेवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. लेकराच्या गोळ्या न्यायला त्या दर महिन्याला येतात. गोळ्या बांधून होईपर्यंत त्यांनी काचेवरचं कात्रण वाचलं आणि विचारलं, "मनानं बंद करू नका म्हणतेत. मग कुणाच्या मनानं करायच्या, दादा? आन कधी?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

मी मानवतला मोंढ्याजवळ तेवीस वर्षांपासून औषधाचं दुकान चालवतो. बिलबुकाशिवाय माझ्याकडं एक वेगळी वही आहे. फिटच्या गोळ्या नेणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं त्यात आहेत. कोण महिन्याला येतं, कोण यायचं थांबलं, थांबलेलं कोण चार महिन्यांनी डोक्याला टाके घालून परत आलं, ते सगळं मी त्यात टिपून ठेवतो. ही वही मी ठेवली ती माझ्या धाकट्या भावामुळं.

त्याला पहिली फिट सतराव्या वर्षी आली, खळ्यावर. फेनोबार्बिटोनची गोळी सुरू झाली आणि अडीच वर्षं एकही फिट आली नाही. १९९७ च्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं. पाव्हण्यांना कळायला नको म्हणून घरच्या मोठ्यांनी गोळ्याच बंद केल्या, त्याही एका दिवसात. गोळ्यांची डबी आजीनं ज्वारीच्या कणगीत दडवली होती, हे मला नंतर कळलं. नवव्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, त्याला फिट आली. ती जाते न जाते तोच दुसरी, मग तिसरी. मधे तो शुद्धीवर येतच नव्हता. जीपच्या मागच्या बाकावर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि परभणी येईपर्यंत माझ्या पांढऱ्या सदऱ्याला हळद आणि रक्त एकत्र लागलं होतं. तो वाचला. लग्न मोडलं. मुलीकडचे म्हणाले, तुम्ही आम्हाला फसवलं. त्यांचं बरोबर होतं. भावानं पुढं लग्न केलं नाही.

त्या काळी हिंदू विवाह कायद्यातही वारंवार येणाऱ्या फिट्स हे लग्न रद्द होण्याचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द निघाला. कायद्यातून तो निघाला तरी आमच्या भागातल्या बैठकींतून अजून निघालेला नाही, आणि म्हणून माझ्या वहीतली बरीचशी नावं लग्नसराईच्या आधी गायब होतात.

डी. फार्म. झाल्यावर मला कळलं की भावाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. काही औषधं, त्यातही फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझम, एकदम थांबवली की मेंदू त्या झटक्यानंच पेटतो. एकामागून एक येणाऱ्या फिट्स ही जिवावरची अवस्था असते. हा गोळी सोडण्याच्या रीतीचा दोष. ती काही आठवड्यांत, पुष्कळदा काही महिन्यांत, पाव-पाव, अर्धी-अर्धी करत सोडायची असते. दुसरी गोष्ट अशी की गोळी कितीही हळू सोडली तरी मूळचा आजार परत येऊ शकतो किंवा येणारही नाही. माझ्या भावाला तो परत आला असता का? कुणी तो विचारच केला नाही, त्यामुळं आज कुणाला सांगता येणार नाही. तो आता पन्नाशीला टेकलाय, शेती करतो, आणि रात्री जेवण झालं की न सांगता गोळी घेतो.

आमच्याकडं एक शब्द घट्ट रुजलाय, 'कोर्स'. "तीन वर्षांचा कोर्स असतोय, झाला पुरा." टीबीचा कोर्स असतो, फिटचा नसतो. दोन-तीन वर्षं एकही फिट आली नाही म्हणजे गोळ्या बंद करायच्या का, याचा हिशेब तिथून सुरू होतो. तो हिशेब न करता लोक तिथंच गोळ्या थांबवतात. आणि ती वर्षंही लोक चुकीची मोजतात. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवसापासून तीन वर्षं धरतात. मोजायची असतात शेवटच्या फिटपासून. मधे एखादी फिट आली असेल तर, "ती बारीकच होती, ती कशाला धरायची," म्हणून सोडून देतात. गेल्या वर्षी एक बाप सांगत होता, मुलीला तीन वर्षांत काहीच झालं नाही. मुलगी बाजूला उभी होती. मी तिलाच विचारलं, सकाळी उठल्यावर हात झटकतात का, हातातलं भांडं उडतं का? ती म्हणाली, "हाव, चहाचं फुलपात्र सटकतंय कधी कधी. माय वरडती, धसमुसळी हैस म्हणून." तेही फिटचंच लक्षण असू शकतं. ऐन वयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात सकाळचे हे झटके असतात. त्या प्रकारात गोळ्या थांबवल्या की फिट्स परतण्याचं प्रमाण फार मोठं असतं, म्हणून डॉक्टर सहसा गोळ्या थांबवत नाहीत. मी त्या बापाला बंद करण्याचं काही न बोलता आधी डॉक्टरांकडं पाठवलं. उलट काही लहान लेकरांना झोपेत तोंडाची एक बाजू ओढणारी, लाळ गळणारी फिट येते. त्यातला एक प्रकार वयात येता येता आपोआप जातो. नाव दोघांनाही आपण 'फिट'च देतो. म्हणून शेजारच्या पोराची गोळी सुटली म्हणून आपल्या पोरीची सुटेल असं होत नाही.

परत फिट येईल का, याचा अंदाज बांधता येतो. नवस बोलून किंवा पत्रिका बघून नाही, मोजून. इंग्लंडमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, किमान दोन वर्षं फिट न आलेले १,०१३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकानं गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्यानं हळूहळू बंद केल्या. दोन वर्षांनी, बंद करणाऱ्यांतल्या शंभरापैकी ५९ जणांना फिट आलेली नव्हती. चालू ठेवणाऱ्यांत असे ७८ होते. हे दोन आकडे मी दुकानात कितीदा सांगितले असतील. ऐकणारा बहुतेक वेळा ५९ वरच थांबतो, कारण त्याला बंद करायच्या असतात. पण ७८ कडंही बघा. गोळी रोज घेऊनही शंभरातल्या बावीस जणांना फिट आलीच. म्हणजे गोळी हा पक्का करार नाही, आणि गोळी सोडणं म्हणजे फिटला आवतण देणंही नाही. मधली वाट माणसागणिक वेगळी असते, आणि ती कशी वेगळी असते तेच शोधायचं आहे.

ते २०१७ साली नेदरलँडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी शोधलं. दहा वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १,७६९ रुग्णांची माहिती त्यांनी एकेका माणसानिशी जुळवली. त्यांतल्या ४६ टक्क्यांना गोळ्या सोडल्यावर केव्हा ना केव्हा परत फिट आली. ज्यांची पुढची माहिती मिळाली त्यांच्यात ९ टक्क्यांना पाहणीच्या शेवटच्या वर्षातही फिट्स येत होत्या, म्हणजे गेलेला ताबा त्यांना परत मिळवता आला नव्हता. कुणाला परत येते, हे ठरवणाऱ्या गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या आणि त्यांवरून डॉक्टरांना एकेका रुग्णाचा अंदाज काढता येईल असं गणित मांडलं. ते गणित विचारतं काय? पहिली फिट कितव्या वर्षी आली. ताबा यायला किती काळ गेला. त्याआधी एकूण किती फिट्स आल्या. शेवटच्या फिटला किती वर्षं झाली. बाळपणी तापात कधी झटके आले होते का. लेकराची वाढ, बोलणं, शिकणं मागं होतं का. आपोआप जाणाऱ्या प्रकारातली फिट आहे का. आणि गोळी सोडण्याआधीच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखात, फिटच्या लहरी अजून दिसतात का.

संपादक महोदय, हे प्रश्न परत एकदा वाचा. ईईजी आणि प्रकार सोडला तर यातलं बाकी सगळं मशीन सांगत नाही. ते आईला माहीत असतं, आजीला माहीत असतं, आणि ते कुठंच लिहिलेलं नसतं.

हे मला माझ्याच घरात कळलं. माझ्या लेकीला २०१९ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर आठवड्यातच, पहिली फिट आली. ती अकरा वर्षांची होती. शेवटची आली ती २०२० च्या पोळ्याला. गेल्या वर्षी संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनीच विषय काढला, आता गोळीचा विचार करता येईल. आणि एकेक विचारू लागले. एकूण किती फिट्स? मी म्हणालो, तीन. बायकोनं काही न बोलता पिशवीतून गुंडाळी केलेली दोन कॅलेंडरं काढली, २०१९ चं आणि २०२० चं. भिंतीवरची कॅलेंडरं आपल्याकडं वर्ष संपलं की वह्यांना कव्हर घालायला जातात. तिनं ती दोन ठेवली होती. दुधाच्या आकड्यांच्या आणि गॅसच्या टाकीच्या तारखांच्या मधे लाल पेननं फुल्या होत्या. फुलीशेजारी बारीक अक्षरात, 'पहाटे ४.३०, दोन मिनिटं', 'शाळेत, बाई म्हणाल्या डावा हात'. फुल्या चार होत्या. त्यांतली एक आली तेव्हा मी लातूरला कंपनीच्या मीटिंगला गेलो होतो, आणि मला काळजी नको म्हणून तिनं ते उशिरा सांगितलं होतं, आणि मी विसरलो होतो. मग डॉक्टरांनी विचारलं, बाळपणी तापात काही? मी "नाही" म्हणालो. ती म्हणाली, "चौदा महिन्यांची होती, पाथरीला माहेरी असताना. ताप एकशे तीन होता. एकदाच." आयुष्यभर मी लोकांना औषधं समजावून सांगतो, आणि माझ्याच लेकीबद्दल आठातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी चुकीची दिली. दोन्ही चुका एकाच बाजूला जाणाऱ्या होत्या, धोका खरा आहे त्याहून कमी दाखवणाऱ्या.

डॉक्टरांनी सगळं भरलं, ईईजी पाहिला आणि आकडा सांगितला. तो आकडा मी इथं लिहीत नाही. तो तिचा आहे, वाचणाऱ्यानं आपल्या लेकराला लावून घेऊ नये. डॉक्टर माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. म्हणाले, "तुझ्यासारख्या शंभर मुली असतील तर गोळी सोडल्यावर इतक्यांना दोन वर्षांत परत येते. परत येते त्यांतल्या बहुतेकींना पहिल्या वर्षातच येते. तू त्यातली कोणती, ते मला सांगता येत नाही." तिनं विचारलं, आत्ता नाही सोडली तर नंतर सोडता येईल का? येईल, म्हणाले. ती म्हणाली, "मग बारावी होऊ द्या. परीक्षेच्या हॉलमध्ये मला ते नकोय." आता ती बारावीत आहे आणि गोळी चालू आहे. मला वाटत होतं, बंद करावी. मी गप्प बसलो, कारण तिच्यापाशी आकडा होता आणि माझ्यापाशी नुसती घाई.

दुसऱ्या कुणाचं उत्तर वेगळं येईल. ज्यांना व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू आहे अशा लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयातल्या मुलींचा हिशेब वेगळा आहे. ते औषध पोटातल्या बाळाला बाधतं. गरोदरपणात ते घेतलेल्या आयांच्या शंभरातल्या दहाएक बाळांत मोठं जन्मजात व्यंग दिसलेलं आहे. म्हणून अशा मुलीनं लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोलावं. पाळी चुकल्यावर घाबरून गोळी फेकू नये, त्यानं आई आणि बाळ दोघांवर बेततं. ज्यांच्या मेंदूत जंताची गाठ होती त्यांचाही वेगळा. ही गाठ मुरून तिचा चुन्याचा ठिपका राहिला असेल तर परत फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यांना गोळी सोडण्याआधी परत स्कॅन करायला सांगतात. (कोबी खाल्ल्यानं किडा डोक्यात जातो, असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. कोबीचा दोष नाही. माणसाच्या शौचातून त्या जंताची अंडी मातीत, पाण्यात, हातावर येतात आणि न धुतलेल्या कुठल्याही भाजीतून पोटात जातात.) आणि मोटारसायकल चालवणाऱ्याला, विहिरीवर मोटर चालू करायला रात्री एकटं जाणाऱ्याला, चुलीपुढं बसणाऱ्या बाईला शंभरातले वीससुद्धा फार वाटू शकतात. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तेच वीस चालतील. आकडा एकच असला तरी जोखीम ज्याची त्यानं तोलायची आहे. पण तोलायला आकडा तरी हातात हवा.

माझ्या वहीत दिवाळीनंतर एक मोठं भोक पडतं. ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर निघतात, कुणी सांगलीला, कुणी कर्नाटकात. जाताना महिन्याच्या गोळ्या नेतात. महिना संपतो, फडात कुठलं मेडिकल, चिठ्ठी घरी राहिलेली. उन्हाळा लागता परत येतात तेव्हा सांगतात, "थांबल्याच होत्या, दादा." कुणाला तरी ते सोसतं. एका तिशीतल्या माणसाला सोसलं नाही, तो कोयता हातात असताना पडला. त्याच्या बायकोनं मला विचारलं होतं, आता सोडता येतील का. तो काही न ठरवता सोडून बसला होता. अशा माणसाच्या बाबतीत मधले महिने बिनाफिट गेले का, गोळी किती दिवस चुकली, यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं, मग डॉक्टर तरी काय अंदाज बांधणार?

म्हणून आरोग्य खात्याकडं माझी एक मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. गरोदर बाईला माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते आमच्या बायका सातबाऱ्यासारखं जपतात. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, रेशनकार्डात. तसंच एक कार्ड फिटच्या प्रत्येक रुग्णाला द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात. पहिली फिट कधी, कितव्या वर्षी. बाळपणी तापात झटके आले का. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणती बाजू. कोणती गोळी, किती पॉवर, कधीपासून. ईईजी आणि स्कॅनमध्ये काय निघालं, ते एका ओळीत. ही ओळ फार महत्त्वाची आहे. माझ्याकडं लोक जे कागद आणतात त्यांतली निम्मी थर्मल कागदावरची प्रिंट वर्षभरात पांढरीफटक झालेली असते, आणि ईईजीची फाईल कुठल्या तरी दवाखान्यात जमा असते. आशाताईंनी वर्षातून एकदा ते कार्ड बघावं. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मेंदूच्या डॉक्टरांनी बसावं, नाही जमलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून बोलावं. कार्ड समोर असेल तर दहा मिनिटांत ते नीट बोलू शकतील. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हंगामभराच्या गोळ्या आणि कार्ड बरोबर द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यातला डॉक्टर पहिल्यापासून विचारत बसणार नाही.

आणि डॉक्टर मंडळींना एक विनंती, हात जोडून. "बंद करून बघू" किंवा "जन्मभर घ्या" एवढ्यावर थांबू नका. आकडा सांगा. शंभरात किती, ते सांगा. अडाणी माणसाला टक्के कळत नाहीत, असं समजू नका. कापसाला क्विंटलमागं किती घट धरली, ते आमच्याकडं बिनशाळेच्या म्हाताऱ्यालाही कळतं. "बरं झालं का हो?" असं लोक विचारतात त्याचंही उत्तर द्या. फिट्सच्या आजारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०१४ मध्ये त्याची व्याख्या केली आहे. दहा वर्षं फिट नाही, आणि त्यातली शेवटची पाच गोळीशिवाय, तर आजार मिटला म्हणावं. एवढं कळलं तरी माणूस किती वाट बघायची ते ठरवतो.

सरकार कार्ड काढील तेव्हा काढील. मी मोंढ्यातल्या प्रेसमध्ये पिवळ्या पुठ्ठ्यावर दोनशे छापून घेतलीत. पहिलं त्या बाईंना दिलं, ज्यांनी "कुणाच्या मनानं?" विचारलं होतं. काउंटरवरच भरायला बसलो. पहिली फिट कधी? त्या विचारात पडल्या. साल आठवेना. "उन्हाळा होता बगा. म्या माहेरी, लातूरला होते. लेकरू बालवाडीत जायचं. नळाला पाणी नव्हतं, आन लोक म्हणत होते आज रेल्वेनं पाणी येणाराय. त्याच दिवशी, अंगणात खेळत खेळत पडलं." लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तो महिना मी कार्डावर लिहिला, एप्रिल २०१६. शेवटची फिट कधी, ती ओळ मोकळी राहिली. सासूला विचारून उद्या सांगते म्हणाल्या, आणि कार्ड दोन्ही बाजूंनी बघून पदराखाली धरलं.

आपला नम्र,
एक औषध दुकानदार, मानवत, जि. परभणी
(लेकीच्या सांगण्यावरून नाव देत नाही, नाव व पत्ता आपल्याकडं पाठवला आहे.)